मेंदूचा फोटो आणि तलफेची वीस मिनिटं

पत्रकाच्या घड्या फाटत आल्या होत्या, म्हणून ते आणणाऱ्या माणसाच्या बायकोने मागून चिकटपट्टी लावली होती. वर मेंदूची दोन चित्रं. डावीकडे ‘व्यसनी मेंदू’, काळपट निळा. उजवीकडे ‘आठ आठवड्यांच्या ध्यानानंतर’, उजळ केशरी. खाली ठळक ओळ: ध्यानाने मेंदूची रचना बदलते आणि व्यसन मुळापासून जातं, हे विज्ञानाने सिद्ध झालं आहे.

पत्रक घेऊन आलेला माणूस वायरमन होता. दारूसाठी आमच्या केंद्रात एकदा राहून गेलेला. त्यानंतर सात महिने त्याने थेंबही घेतला नव्हता. मग कुणीतरी त्याला एका शिबिराला नेलं. तिथे हे पत्रक हातात पडलं आणि सांगण्यात आलं की आता गोळ्या नकोत, फॉलो-अप नको, मेंदूच नवा होणार आहे. माणूस प्रामाणिक. रोज पहाटे पाचला उठून पाऊण तास बसायचा. नवव्या आठवड्यात मेहुण्याच्या हळदीत प्यायला आणि मग अकरा दिवस पीतच राहिला. पुन्हा दाखल झाला, हातांची थरथर जरा थांबली, तेव्हा त्याने हे पत्रक माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “ताई, एवढं बसूनही माझा मेंदू बदलला नाही. म्हणजे आपलं मशीनच खराब आहे. आता यावर औषध नाही.”

मी १९ वर्षं व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक आहे. रोज सकाळी साडेसहाला रुग्णांबरोबर सतरंजीवर ध्यानाला बसते. ध्यानाच्या आधाराने माणसं सावरताना मी पाहिली आहेत. म्हणूनच त्या पत्रकाचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. ध्यानाविरुद्ध मला एक अक्षरही लिहायचं नाही. ध्यानाचं नाव घेऊन व्यसनी माणसाला मेंदूचा फोटो विकला जातो, त्याविरुद्ध लिहायचं आहे.

हा दावा आज सगळीकडे ऐकू येतो. व्याख्यानांत, मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत, शिबिरांच्या जाहिरातींत, आणि आता व्यसनमुक्ती केंद्रांच्या माहितीपत्रकांतही. तो नीट उलगडला तर त्याच्या तीन पायऱ्या दिसतात. पहिली, व्यसनाने मेंदूची रचना बिघडते. दुसरी, सजगतेच्या ध्यानाने ती रचना सुधारते. तिसरी, म्हणून ध्यानाने व्यसन जातं. पहिली पायरी पक्की आहे. दुसरी डळमळीत आहे. आणि दुसरी उद्या पक्की ठरली तरी तिच्यावरून तिसरीवर चढता येत नाही.

पहिल्या पायरीशी माझं भांडण नाही. २०१९ मध्ये जगभरातल्या अनेक प्रयोगशाळांनी आपापले एमआरआय एकत्र करून तपासले. व्यसनाच्या विळख्यात असलेली दोन हजारांहून अधिक माणसं आणि व्यसन नसलेली हजाराहून अधिक. व्यसनी गटात मेंदूच्या काही भागांचं आकारमान कमी भरलं, आणि सगळ्यांत ठळक फरक दारूच्या बाबतीत दिसला. हे मी रुग्णांच्या घरच्यांना आवर्जून सांगते. ‘मनात आणलं तर आज सोडेल, पण याला सोडायचीच नाही’ असं म्हणणाऱ्या बापाला हे कळायलाच हवं की मुलगा नुसता हट्टाला पेटलेला नाही, तो आजारी आहे.

आता दुसरी पायरी. इथे दोन अभ्यासांचा दाखला हमखास दिला जातो. पहिला २००५ चा, अमेरिकेतल्या सारा लाझार आणि सहकाऱ्यांचा. वर्षानुवर्षं ध्यान करणारे २० जण आणि ध्यान न करणारे १५ जण यांचे मेंदू त्यांनी ताडून पाहिले. ध्यान करणाऱ्यांमध्ये मेंदूच्या पृष्ठभागाचे काही भाग जाड आढळले. अभ्यास चांगला होता आणि त्याने पुढच्या संशोधनाला चालना दिली. पण त्यातून कारण सिद्ध होत नाही. तालमीत जाणारी पोरं अंगाने दणकट दिसतात. ती तालमीने दणकट झाली, की मुळात दणकट होती म्हणून तालमीत टिकली? एकदाच फोटो काढून याचं उत्तर मिळत नाही. तालमीत घालण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजावं लागतं.

ते मोजमाप केलं ब्रिटा ह्योल्झेल आणि सहकाऱ्यांनी, २०११ मध्ये. पत्रकातले ‘आठ आठवडे’ आले ते इथून. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला सजगतेचा अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा असतो. तो करणाऱ्या १६ जणांचे आधी आणि नंतर एमआरआय काढले आणि तो न केलेल्या १७ जणांशी तुलना केली. हिप्पोकॅम्पससह काही भागांत ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूतल्या पेशींनी दाट भरलेला करडा भाग, थोडा वाढलेला दिसला. बातमी जगभर गेली. तिच्यातून गळालेल्या दोन गोष्टी इथे सांगायला हव्यात. एक, माणसं होती फक्त १६, आणि कोण ध्यान करणार, कोण नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. दोन, त्यांच्यात व्यसनावर उपचार घेणारं कुणी नव्हतं. ताण कमी व्हावा म्हणून स्वतःहून आलेली ती निरोगी माणसं होती. ज्या अभ्यासात व्यसनी माणूसच नाही, त्याच्या जोरावर पत्रकात ‘व्यसनी मेंदू’ छापला गेला.

पुढे काय झालं, ते पत्रकं सांगत नाहीत. २०२२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या रिचर्ड डेव्हिडसन यांच्या गटाने दोन चाचण्यांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध केली. एकूण २१८ माणसं. त्यांनी पूर्वी ध्यान केलेलं नव्हतं, आणि या वेळी गट चिठ्ठी टाकल्यासारखेच पाडले होते. एका गटाला तोच आठ आठवड्यांचा सजगतेचा अभ्यासक्रम, दुसऱ्याला तेवढ्याच वेळाचा आरोग्याचा वर्ग, तिसरा गट प्रतीक्षा यादीवर. तिन्ही गटांच्या मेंदूच्या रचनेत ध्यानामुळे म्हणावा असा फरक आढळला नाही. ज्या भागांत पूर्वी वाढ दिसल्याचं सांगितलं जात होतं, त्यांतही नाही.

हे लिहिणारे ध्यानाचे शत्रू नाहीत, हे लक्षात घ्या. डेव्हिडसन यांनी दलाई लामांच्या सहकार्याने तिबेटी भिक्खूंच्या मेंदूचा अभ्यास केला. ध्यानाच्या विज्ञानात त्यांचं आयुष्य गेलं आहे. ज्यांना ‘हो’ असं उत्तर मिळालं असतं तर सगळ्यांत जास्त आनंद झाला असता, त्यांनी ‘नाही’ हे उत्तर छापलं. विज्ञान या प्रामाणिकपणाला म्हणतात. ‘विज्ञानाने सिद्ध’ असं छापणाऱ्याने १६ माणसांचा अभ्यास दाखवायचा आणि २१८ माणसांचा झाकायचा, याला दुसरा शब्द आहे.

कुणी म्हणेल, हजारो तास ध्यान केलेल्यांचं काय? त्यांच्या मेंदूत काही वेगळं असू शकतं. तो प्रश्न खुला आहे आणि मला तो बंद करायचा नाही. पण माझ्यासमोर बसलेल्या माणसाची दारू सुटून नऊ दिवस झालेले असतात. त्याला हजारो तासांचं फळ आठ आठवड्यांत मिळेल असं सांगणं म्हणजे फसवणूक आहे.

व्यसनी माणसांवरच्या अभ्यासांत याहून मोठी गफलत दडलेली आहे. दारू थांबली की मेंदू आपणहून सावरू लागतो. २००७ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दारूचं व्यसन असलेले १५ रुग्ण, सहा ते सात आठवडे दारू पूर्ण बंद. तेवढ्यात त्यांच्या मेंदूचं आकारमान सरासरी जवळजवळ २ टक्क्यांनी वाढलं. तो अभ्यास ध्यानाचा नव्हता. बंद होती ती दारू. आता हे सहा-सात आठवडे आणि पत्रकातले आठ आठवडे शेजारी ठेवा. केंद्रात येणारा माणूस ध्यान शिकतो त्याच दिवसांत दारू सोडतो, दोन वेळा पोटभर जेवतो, रात्री झोपतो, ब जीवनसत्त्वाची इंजेक्शनं घेतो. दोन महिन्यांनी त्याच्या मेंदूत सुधारणा दिसली तर श्रेय कुणाला द्यायचं? ध्यान न करता दारू सोडलेला गट शेजारी नसेल, तर हा प्रश्न सुटूच शकत नाही. आणि व्यसनी माणसांत ध्यानाने मेंदूची रचना बदलते का, हे थेट पाहणारे अभ्यास मुळातच मोजके आहेत आणि त्यांतले गट लहान आहेत.

एमआरआयच्या यंत्रातही एक खाच आहे. २०१५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की स्कॅन चालू असताना डोकं जरासं हललं तरी करडा भाग प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो. आता आमचा रुग्ण डोळ्यांसमोर आणा. पहिल्या आठवड्यात त्याच्या अंगाला मुंग्या येतात, पाय स्थिर राहत नाहीत, त्या बंद नळीत त्याचा जीव घाबरतो. दोन महिन्यांनी तोच माणूस शांत पडून राहतो. त्या शांतपणामुळेही दुसऱ्या फोटोतला मेंदू ‘भरलेला’ दिसू शकतो. माझ्या लेखी ती शांतता हीच खरी मिळकत आहे. पण तिला मेंदूची नवी बांधणी म्हणता येत नाही.

आता तिसरी पायरी. घटकाभर धरून चालू की ध्यानाने मेंदूचे काही भाग जाड होतात. जाड म्हणजे चांगलं, हे कुणी ठरवलं? वयात येणाऱ्या मुलांचा मेंदू परिपक्व होत जातो तसा त्यातला करडा भाग अनेक ठिकाणी पातळ होत जातो. त्याला आपण ऱ्हास म्हणत नाही. त्याहून बोलकं उदाहरण इन्सुला या भागाचं आहे. मेंदूच्या घडीत आत दडलेला हा भाग शरीराच्या आतल्या संवेदना टिपतो आणि तलफेशी त्याचा जवळचा संबंध आहे. ध्यान करणाऱ्यांचा इन्सुला जाड असतो, असं २००५ चा तोच अभ्यास सांगतो आणि पत्रकं ते अभिमानाने छापतात. आता २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यास पाहा. पक्षाघातासारख्या कारणाने मेंदूला इजा झालेले धूम्रपान करणारे रुग्ण त्यात होते. ज्यांचा इन्सुला जायबंदी झाला होता, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची सिगारेट अगदी सहज सुटली, तलफच गेली. एका अभ्यासात इन्सुला जाड हे कौतुक, दुसऱ्यात इन्सुला निकामी होणं ही सुटका. जाडी मोजून माणूस व्यसनातून सुटला की नाही हे ठरवणाऱ्याला या दोन अभ्यासांची सांगड घालता येणार नाही. कारण व्यसनमुक्ती मिलिमीटरमध्ये मोजायची गोष्टच नाही.

मग ध्यानाचा उपयोग नाही का? आहे. आणि तो नीट मोजला गेला आहे, फक्त मेंदूच्या फोटोत नाही. सिअॅटलचे मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लट यांनी आयुष्यभर एकच प्रश्न धरून ठेवला: सुटलेलं व्यसन पुन्हा का जडतं? त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सजगतेचं ध्यान पुनर्व्यसन टाळण्याच्या कौशल्यांशी जोडलं. तलफ ही लाटेसारखी असते, ती चढते, शिगेला पोचते आणि उतरते, तिच्याशी कुस्ती न खेळता तिच्यावर तरंगायला शिका, ही त्यांची शिकवण. त्यांच्या पद्धतीची मोठी चाचणी २०१४ मध्ये ‘जामा सायकिअॅट्री’ या नियतकालिकात आली. २८६ माणसं, तीन गट. एकाला सजगतेवर आधारलेला कार्यक्रम, दुसऱ्याला ध्यानाविना पुनर्व्यसन टाळण्याचं प्रशिक्षण, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. तीन महिन्यांनी गटांत फरक नव्हता. सहा महिन्यांनी पहिले दोन्ही गट नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले. वर्ष झाल्यावर ध्यानाचा गट पुढे गेला. त्यांच्यात नशेचे दिवस कमी होते आणि बेसुमार पिणंही कमी.

या चाचणीतल्या दोन गोष्टी आमच्यासारख्यांनी भिंतीवर लिहून ठेवाव्यात. पहिली, तिथे मोजले गेले ते दिवस: किती दिवस प्यायला, किती दिवस नाही. आमच्या रुग्णाची बायको हेच मोजते. दुसरी, ही माणसं सुरुवातीचे उपचार पूर्ण करून आलेली होती. विड्रॉवल, म्हणजे नशा तोडल्यावर होणारा त्रास, संपलेलं होतं. ध्यान हे उपचाराच्या जागी नव्हतं, उपचारानंतर होतं. आणि ध्यानाचा वेगळा फायदा उमटायला आठ आठवडे नव्हे, वर्ष लागलं.

ज्यांना ध्यानाचा अभिमान आहे त्यांनी उलट बाजूचं वाचायचंही धैर्य ठेवावं. सिगारेट सोडण्यासाठी सजगता कितपत उपयोगी, याचा आढावा कोक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये घेतला. २१ अभ्यास, आठ हजारांवर माणसं. इतर पद्धतींपेक्षा सजगता सरस असल्याचा स्पष्ट पुरावा त्यांना मिळाला नाही. यामुळे मी उद्या सकाळी सतरंजी गुंडाळून ठेवणार नाही. पण ‘सगळ्यांना, सगळ्या व्यसनांवर, हमखास’ असं म्हणण्याचा अधिकार मला उरत नाही. तो पत्रक छापणाऱ्यालाही उरत नाही.

इथे दोन आक्षेप येतात. पहिला असा: ‘विज्ञान आज सांगतंय ते आपल्या परंपरेला केव्हाच माहीत होतं. तुम्ही परंपरेवरच शंका घेता.’ मी परंपरेचंच म्हणणं पुढे ठेवते. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रामुळे सत्यनारायण गोयंका हे नाव महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. ते विपश्यनेकडे कसे आले? ब्रह्मदेशात व्यापार करत असताना त्यांना अर्धशिशीचे भयंकर झटके येत. त्यावर मॉर्फिनची इंजेक्शनं द्यावी लागत, आणि मॉर्फिनचंच व्यसन जडेल अशी भीती निर्माण झाली होती. देशोदेशीच्या डॉक्टरांकडून इलाज झाला नाही, तेव्हा १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी उ बा खिन यांच्याकडे गेले. डोकेदुखी बरी व्हावी म्हणून शिकायचंय, असं सांगितल्यावर गुरूंनी आधी नकारच दिला. ही विद्या शरीराचा आजार बरा करण्यासाठी नाही, त्यासाठी यायचं तर येऊ नका, अशी त्यांची भूमिका होती. ही हकीकत गोयंका स्वतः सांगत. मॉर्फिनच्या छायेत असलेल्या माणसाला ज्या परंपरेच्या गुरूने ‘हे औषध म्हणून घेऊ नकोस’ असं बजावलं, त्याच परंपरेच्या नावाने आज मेंदूच्या दुरुस्तीची जाहिरात होते. परंपरेचा अपमान कोण करतंय?

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या गटांच्या बारा पायऱ्यांतही ध्यान आहे. ते अकराव्या पायरीवर आहे. आधी आपण हतबल झालो आहोत ही कबुली, आत्मपरीक्षण, ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई. ध्यानाला तिथे मानाची जागा आहे, पण त्याच्या आधीच्या दहा पायऱ्या कुणी खोडलेल्या नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक मायेने घेतला जातो, म्हणून तो जास्त धोक्याचा आहे. ‘अहो ताई, फोटो खोटा असेना का, त्यातून आशा तर मिळते ना? आशेने माणूस उभा राहतो.’ पहिल्या काही वर्षांत मलाही असंच वाटायचं. आता वाटत नाही. व्यसनमुक्तीत घसरण नवी नाही. आम्ही तिला स्लिप म्हणतो आणि पहिल्याच आठवड्यात रुग्णाला सांगून ठेवतो की स्लिप झाली तर तोंड लपवू नकोस, त्याच दिवशी ये. स्लिपनंतरची लाज माणसाला दुसऱ्या बाटलीकडे ढकलते. आता त्या लाजेवर मेंदूचा फोटो ठेवा. ज्याला मेंदू नवा होईल असं सांगितलंय, त्याची स्लिप म्हणजे नुसती चूक राहत नाही. आपल्या कवटीत दुरुस्त न होणारी वस्तू आहे, याचा पुरावा होते. वायरमन त्या हळदीत एक रात्र प्यायला होता. उरलेले दहा दिवस त्याला त्या पत्रकाने पाजले, असं मी म्हणते आणि त्या शब्दांवर ठाम आहे.

याहून मोठं नुकसान जिवाशी खेळणारं आहे. रोज भरपूर पिणारा माणूस दारू अचानक बंद करतो तेव्हा फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्या दिवसांत त्याला डॉक्टर आणि औषधं लागतात. आमच्याकडे विड्रॉवलमधल्या माणसाला आम्ही ध्यानाला बसवत नाही. गर्द पिणारे ज्याला टर्की म्हणतात त्या अवस्थेत हाडं दुखतात, नाक-डोळे वाहतात, पोट धरून माणूस कळवळतो. त्याला ‘श्वासाकडे बघ’ म्हणणं हा क्रूरपणा आहे. अफूवर्गातल्या व्यसनावर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या आढाव्यानुसार मेथाडोन चालू असतानाच्या काळात मृत्यूचं प्रमाण उपचार सुटल्यानंतरच्या काळाच्या साधारण एक तृतीयांश होतं. ‘गोळ्या कशाला, ध्यान करा’ हे वाक्य या आकड्यासमोर उभं करा आणि मग बोला.

आणि आपल्या देशात उपचार आधीच किती जणांपर्यंत पोचतात? २०१९ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही तरी उपचार मिळालेला होता. केंद्रात राहून उपचार घेतलेला १८० मध्ये एक. उरलेले घरात, गल्लीत, नाक्यावर आहेत. त्यांच्यापर्यंत डॉक्टर पोचण्याआधी पत्रक पोचतं, कारण पत्रक स्वस्त असतं. म्हणून त्यात काय छापतो याची जबाबदारी मोठी आहे.

महाराष्ट्राला हा धडा बाहेरून शिकायची गरज नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. मुंबई-पुण्यात गर्दने तरुण पोरं उद्ध्वस्त होत होती, अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं होतं, आणि त्या लिहिण्यातून काम उभं राहिलं. तिथे योग आहे, ध्यान आहे. पण त्याबरोबर औषधोपचार आहेत, गटात बसून बोलणं आहे, कुटुंबाशी संवाद आहे, बायकांसाठी सहचरी गट आहे आणि बाहेर पडल्यावर फॉलो-अप आहे. माणूस उभा राहतो तो या सगळ्यांच्या आधाराने. त्यातली एकच काठी काढून ‘हीच खरी’ म्हणत बाजारात विकणं हे त्या सगळ्या कामाशी बेइमानी करणं आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. व्यसनमुक्ती केंद्रांनी माहितीपत्रकांतून आधीच्या-नंतरच्या मेंदूची चित्रं काढून टाकावीत. ध्यानाच्या शिबिरांनी व्यसनी माणसाला गोळ्या किंवा फॉलो-अप बंद करायला सांगू नये. ध्यान शिकवणाऱ्याने ‘तुझा मेंदू बदलेल’ हे वचन देऊ नये. त्याने एवढंच सांगावं: तलफ येईल तेव्हा तिच्याकडे बघायला तू शिकशील, आणि बघता बघता ती उतरेल.

त्या वायरमनला मी हेच सांगितलं. दुसऱ्या खेपेला त्याने गोळ्या घेतल्या, गटात बसला, आणि सकाळच्या सतरंजीवरही बसला, पण पाऊण तास नाही, दहा मिनिटं. बाहेर पडल्यावर एकदा फॉलो-अपला आला तेव्हा त्याने एका शनिवारची गोष्ट सांगितली. ठेकेदाराने पगार दिला, खिशात पैसे, बसस्टँडला लागूनच वाइन शॉप. “पहिल्यांदा तोंडाला पाणी सुटलं. मग पोटात गोळा आला. हातांना घाम. एकदा वाटलं, आता पाय आपोआप तिकडे जाणार. मी बाकड्यावर बसलो आणि म्हटलं, बघू, कुठं कुठं काय काय होतंय ते. पोटातला गोळा छातीपर्यंत आला. कान तापले. स्टँडवरच्या घड्याळाकडे बघत होतो. वीस मिनिटांनी गोळा खाली गेला. तेवढ्यात बस आली. बसमधून गटातल्या मित्राला फोन लावला.” त्या वीस मिनिटांत त्याच्या इन्सुलाची जाडी किती होती, हे कुणाला ठाऊक नाही. त्याला ते जाणून घ्यायचंही नव्हतं. तो बसमध्ये चढला होता.

पत्रक त्याने फेकलेलं नाही. मागची कोरी बाजू आता त्याच्या कामाला आली आहे. चिकटपट्टीवर पेन नीट चालत नाही, म्हणून ती सोडून आजूबाजूला त्याने शनिवारच्या तारखा लिहिल्या आहेत आणि प्रत्येकीपुढे बारीक बरोबरची खूण केली आहे. मी मोजल्या तेव्हा २६ शनिवार होते. एका तारखेपुढे फुली आहे. ती त्याने खोडलेली नाही. तिच्या पुढच्याच दिवशी तो माझ्याकडे आला होता.